आडात असेल तरच पोहऱ्यात येईल : एआय वापरण्याआधीची आपली तयारी



मृग तोंडावर आलाय. बियाणं-खताच्या धावपळीतही बरेच सभासद विचारतात, "ते एआय आपल्याकडं कधी येणार?"

खरं तर ते तुमच्या फोनपर्यंत आलंच आहे. राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी त्यात ५०० कोटींची तरतूद आहे. कृषी विभागाचं महाविस्तार ॲप मराठीत विचारलं की मराठीत उत्तर देतं. पण आपण आणि आपली कंपनी त्यासाठी तयार आहोत का, हे आधी बघू.

*बारामतीत काय केलं?*
बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात एआय वापरलं. शेतकऱ्याला फोनवर सल्ला येतो, तेवढंच आपल्याला दिसतं. त्यामागं मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं आहेत. शेताची माहिती सतत जात राहते, म्हणून त्या शेतापुरता सल्ला मिळतो. सेन्सर आपल्याला आज परवडणार नाहीत. वही मात्र परवडते.

*नुसता फोटो पुरत नाही*
सोयाबीन पिवळं पडलं की आपण फोटो काढून पाठवतो. पण पिवळं पडण्याची कारणं वेगवेगळी असतात.
🔸 चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानात लोह कमी पडतं. कोवळी पानं पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात.
🔸 पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे चट्टे पडतात. हा रोग पांढरी माशी पसरवते.

लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक मारलं तर पैसे गेले आणि पीक पिवळंच राहिलं. मोझॅकला लोहाची कमतरता समजून थांबलात तर रोग रानभर पसरतो, कारण रोगट झाडं वेळीच उपटायला हवी होती. रान कसलं, पाणी किती दिवस साचलं, आधी काय फवारलं हे सांगितल्याशिवाय मशीनही अंदाजच करणार.

*कंपनीचंही तसंच आहे*
हळदीची आवक किती होईल, गोदाम किती लागेल, व्यापाऱ्याशी किती मालाचा सौदा करायचा, याचा अंदाज एआय बांधू शकतं. पण एकानं ओली हळद लिहिली आणि दुसऱ्यानं वाळलेली, तर हिशोब तिथंच बिघडला. ओली हळद शिजवून वाळवली की साधारण पाचवा हिस्सा उरते. तीच गत नावांची. एकच रान एका कागदावर "विहिरीचं", दुसऱ्यावर "मळा" आणि तिसऱ्यावर गट नंबर! मशीनला ती तीन शेतं वाटतात. अंदाज चुकला की सौदा चुकतो, आणि त्याचा फटका सभासदांनाच बसतो.

*या हंगामापासून वहीत एवढं लिहा*
✅ शेताचा गट नंबर आणि एकच ठरलेलं नाव
✅ पीक, वाण, पेरणी किंवा लागवडीची तारीख
✅ प्रत्येक खत-फवारणी : तारीख, औषधाचं नाव, प्रमाण
✅ मोठा पाऊस झाला किंवा पाणी साचलं तो दिवस
✅ उत्पन्न क्विंटलमध्ये. पोती लिहू नका. हळद असेल तर ओली की वाळलेली तेही लिहा

माती परीक्षणाचा अहवाल वहीला टाचून ठेवा. ई-पीक पाहणीत आणि वहीत पीक एकच असू द्या. लिहायला वेळ नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीकडं रोजची पाच मिनिटं सोपवा.

*माहिती तुमची आहे*
कुठलीही कंपनी किंवा ॲप तुमची माहिती मागत असेल तर तीन गोष्टी विचारा : कशासाठी हवी, कुणाला देणार, आणि नको म्हटलं तर काढून टाकणार का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. दिलेली संमती मागं घेण्याचा हक्क त्यात आहे. आपल्या कंपनीलाही हेच प्रश्न विचारा, सभेत विचारा. आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. अनोळखी नंबरवरून आलेलं ॲपही फोनमध्ये घ्यायचं नाही.

*शेवटचा शब्द कुणाचा?*
एआयनं औषध सुचवलं म्हणून लगेच दुकानात जाऊ नका. आधी रानात जा. चार-पाच ठिकाणची झाडं बघा, एखादं उपटून मूळही बघा. शंका राहिली तर आपल्या गटावर फोटोसोबत वहीचं पानही टाका, किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. हळदीसाठी वसमतचं हळद संशोधन केंद्र आहे. सल्ला कुणाचाही असो, औषधाचा खर्च तुमचा आणि पीकही तुमचंच.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मशीन म्हणजे पोहरा. आड आपण भरायचा. पेरणीच्या दिवशी पहिली ओळ लिहा आणि त्या पानाचा फोटो गटावर टाका. काही राहिलं असेल तर लगेच सांगता येईल.

– तुमचा कृषी सल्लागार