नाव न सांगणारे दूत

ऐन दुपारच्या उन्हात अब्राहाम मम्रे येथील वृक्षराईत आपल्या तंबूच्या दाराशी बसला होता. त्याने डोळे वर करून पाहिले, तो तीन पुरुष समोर उभे. हे कोण, कोठले, कोणत्या कामास निघाले, यांपैकी कशाचीही विचारपूस न करता तो वृद्ध गृहस्थ धावत त्यांना सामोरा गेला, भूमीपर्यंत लवून त्याने त्यांना वंदन केले आणि पाय धुऊन, झाडाखाली विसावा घेऊन, घासभर भाकर खाऊन मग पुढे जावे अशी विनवणी केली. घासभर म्हणता म्हणता त्याने पत्नीला, सारेला, तीन मापे सपीठ मळावयास सांगितले, स्वतः गुरांच्या कळपाकडे धाव घेऊन एक कोवळे वासरू निवडून चाकराच्या स्वाधीन केले, आणि दही, दूध व शिजविलेले मांस पाहुण्यांपुढे मांडून त्यांचे जेवण होईपर्यंत तो झाडाखाली उभा राहिला. जेवणानंतर पाहुण्यांनी वर्षभरात सारेला पुत्र होईल असे सांगितले, तेव्हा तंबूच्या आडोशाला उभी राहून ऐकणारी, नव्वदीला टेकलेली ती स्त्री मनातल्या मनात हसली; का हसलीस म्हणून विचारणा होताच भीतीने नाकबूल झाली; आणि तिचे नाकबूल होणे पाहुण्याने काही मान्य केले नाही.

उत्पत्ति या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील हा प्रसंग. तिघांपैकी एक स्वतः परमेश्वराच्या अधिकारवाणीने बोलतो, आणि सदोम नगराच्या वाटेला लागलेल्या उरलेल्या दोघांना पुढील अध्यायाच्या आरंभी देवदूत म्हटलेले आहे. त्यांच्या मस्तकाभोवती तेजोवलय नाही, हातात वीणा नाही, आणि पाठीला पंख तर मुळीच नाहीत. असते, तर अब्राहामाने पाय धुण्यास पाणी देऊ करण्यापूर्वी क्षणभर तरी विचार केला असता.

नाताळच्या शुभेच्छापत्रांवर आणि चर्चच्या रंगीत काचांवर दिसणारा शुभ्र पंखांचा सुकुमार देवदूत आपल्या इतक्या परिचयाचा झालेला आहे, की तो बायबलातून जसाच्या तसा उचललेला असावा अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो चित्रकारांचा वारसा आहे. रोममधील प्रिस्किला नावाच्या भूमिगत दफनस्थळात सामान्यतः तिसऱ्या शतकातील मानले जाणारे, मरीयेला मिळालेल्या शुभवर्तमानाचे म्हणून ओळखले जाणारे जे भित्तिचित्र आहे, त्यातील दूत साध्या मनुष्यासारखा, पंखांवाचून उभा आहे. पंखांची प्रथा चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात रुजत गेली, आणि तिचा आदर्श ग्रीक-रोमन जगातील सपक्ष विजयदेवतेत होता, असे कलेचे अभ्यासक मानतात. याकोबाला बेथेल येथे जे स्वप्न पडले, त्यातही देवदूत पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत उभ्या असलेल्या शिडीवरून चढत आणि उतरत होते. उडणाऱ्यांना शिडीचे प्रयोजन काय?

पंख असलेली सत्त्वे बायबलात आहेत. परंतु ती वेगळी, आणि लहान मुलाच्या उशाशी त्यांचे चित्र लावण्यास कोणी सहसा धजावणार नाही अशी आहेत. उज्जीया राजा ज्या वर्षी मरण पावला, त्या वर्षी यशया संदेष्ट्याला मंदिरात दर्शन घडले. त्यात त्याने सराफीम पाहिले. त्या प्रत्येकाला सहा पंख होते. दोहोंनी ते मुख झाकीत, दोहोंनी पाय झाकीत आणि उरलेल्या दोहोंनी उडत, आणि त्यांच्या घोषाने उंबरठ्यांचे पाये हादरत होते. पुढे बाबेलच्या बंदिवासात खबार नदीच्या तीरावर यहेज्केल संदेष्ट्याने याहूनही विलक्षण देखावा पाहिला: चार पंखांची, चार मुखांची चार जिवंत प्राणिरूपे, ज्यांचे एक मुख मनुष्याचे, एक सिंहाचे, एक बैलाचे व एक गरुडाचे, आणि त्यांच्याशेजारी चाकात चाक असलेली, धावांवर सर्वत्र डोळेच डोळे असलेली चक्रे. हे करूब होत, असा खुलासा त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात मिळतो. एदेन बागेची वाट राखण्यास ज्वालामय तलवारीसह ठेवलेले करूब ते हेच, आणि कराराच्या कोशावर सोन्याच्या मूर्तींच्या रूपाने पंख पसरून बसलेलेही हेच. ती ईश्वराच्या सिंहासनाभोवतीची मंडळी. मनुष्याच्या दारी निरोप घेऊन जाण्याचे काम त्यांच्याकडे सहसा नाही, आणि बायबलाने त्यांना कोठेही देवदूत म्हटलेले नाही.

देवदूत म्हणजे निरोप्या. मराठेशाहीत पुण्याहून निघालेला जासूद खलिता पोहोचवून, जाब घेऊन परत फिरे, आणि त्याचे नाव टिपून ठेवण्याची गरज बखरकाराला क्वचितच भासे. बायबलातील बहुसंख्य देवदूतांची गत अगदी अशीच आहे. ते येतात, हुकूम सांगतात किंवा बजावतात, आणि दिसेनासे होतात. ते आपण होऊन काही बोलत नाहीत, त्यांना चरित्र नाही. शमशोनाचा पिता मानोहा याने अशा एका दूताला मोठ्या आदराने नाव विचारले, म्हणजे भविष्य खरे ठरल्यावर सन्मान करता येईल. त्यावर दूताने नाव सांगण्याचे टाळले, करडूही स्वतःसाठी न घेता परमेश्वराला अर्पावयास लावले, आणि वेदीच्या ज्वालेबरोबर तो वर निघून गेला. इतक्या विशाल ग्रंथसमूहात देवदूतांविषयी जिज्ञासा इतकी थोडी असावी, याचे प्रथम वाचताना आश्चर्य वाटते. ते कधी निर्माण झाले, किती आहेत, कशाचे घडलेले आहेत, यावर बायबल जवळजवळ मौन पाळते. ग्रंथकारांचे सारे लक्ष निरोपाकडे आणि तो ऐकणाऱ्या माणसाकडे आहे.

आणि ऐकणारी ही माणसे कोण, तेही पाहण्यासारखे आहे. बायबलात परमेश्वराचा दूत प्रथम प्रकट होतो तो अब्राहामापुढे नव्हे, तर सारेच्या जाचाला कंटाळून पळालेल्या हागार नावाच्या गर्भवती मिसरी दासीपुढे, शूरच्या वाटेवरील एका झऱ्यापाशी. तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. धनीण तर तिला बहुधा दासी एवढेच म्हणत आली होती. बलाम या नामांकित द्रष्ट्याला रस्त्यात उपसलेली तलवार घेऊन उभा असलेला दूत दिसत नाही, तो त्याच्या गाढवीला दिसतो, आणि बिचारी त्यापायी तीनदा मार खाते.

नावांची गोष्ट उत्तरकालीन. दानीएलाच्या ग्रंथात गब्रीएल आणि मिखाएल ही दोन नावे येतात. गब्रीएल दृष्टांतांचा अर्थ उलगडून सांगणारा, आणि मिखाएल इस्राएल लोकांचा कैवार घेऊन झगडणारा अधिपती. पारसाच्या राज्याच्या अधिपतीने आपल्याला एकवीस दिवस अडवून धरले, तेव्हा मिखाएल साहाय्यास आला, असे एक दूत दानीएलाला सांगतो. स्वर्गातही फौजफाटा, प्रांत आणि त्यांचे अधिकारी आहेत अशी कल्पना येथे डोकावते. तिसरा राफाएल. तो तोबीताच्या ग्रंथात तरुण तोबीयाचा वाटाड्या होऊन, बरोबर एक कुत्रा घेऊन, लांबचा प्रवास करतो. हा ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही. त्यामुळे राफाएल एका घरचा आप्त तर दुसऱ्या घरचा केवळ परिचित. कॅथलिक पंचांगात या तिघांचा सण 29 सप्टेंबरला आणि रक्षक दूतांचा 2 ऑक्टोबरला येतो. बुधवारच्या नोव्हेनासाठी मुंबईच्या माहीममध्ये सर्वधर्मीयांची रीघ लागते ते चर्च, तसेच गोव्यातील हणजुणे गावचे चर्च, ही दोन्ही मिखाएलाच्याच नावाने उभी आहेत.

गब्रीएलाच्या दोन भेटी लूकाने लागोपाठ सांगितल्या आहेत, आणि त्या एकीशेजारी दुसरी ठेवून वाचाव्यात. पहिली यरुशलेमच्या मंदिरात, धूप जाळीत असलेल्या जखऱ्या नावाच्या वृद्ध याजकाला. दुसरी नासरेथ या कोपऱ्यातल्या गावी, मरीया नावाच्या वाग्दत्त कुमारिकेला. दोघेही घाबरतात, दोघांनाही प्रथम भिऊ नये असे सांगावे लागते, दोघांनाही अपत्यजन्माची वार्ता मिळते आणि दोघेही प्रश्न विचारतात. परंतु हे खरे कशावरून, असे विचारणारा विद्वान याजक मूल जन्मून त्याचे नाव ठेवले जाईपर्यंत मुका होतो, आणि हे होईल कसे, असे विचारणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर मिळते. माझ्या मते संपूर्ण बायबलात दूताला एवढा वेळ थांबून वाट पाहावी लागण्याचा दुसरा प्रसंग नाही. मरीयेने होकार देईपर्यंत तो जात नाही.

या चाकरीची दुसरी बाजू तलवारीची आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यरुशलेमास वेढा घातला असता परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत 1,85,000 सैनिकांचा संहार केला, असे राजांच्या दुसऱ्या ग्रंथात लिहिलेले आहे. सैतानाचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. ईयोबाच्या ग्रंथात तो देवपुत्रांबरोबर दरबारात हजर होतो, आणि त्याचा पवित्रा सरकारी फिर्यादीचा आहे. पाप केलेल्या दूतांना न्यायाच्या दिवसापर्यंत अंधारात बंदिस्त ठेवल्याचा उल्लेख यहूदाच्या व पेत्राच्या दुसऱ्या पत्रात येतो, आणि मिखाएलाने अजगराला व त्याच्या दूतांना स्वर्गातून खाली टाकल्याचे युद्ध प्रकटीकरणात रंगविलेले आहे. परंतु गर्वाने पतन पावलेल्या तेजस्वी दूताची जी सलग कथा आज सांगितली जाते, ती यशयाने बाबेलच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या उपरोधिक विलापिकेसारखे उतारे जोडून उत्तरकालीन आचार्यांनी सिद्ध केली. देवदूतांच्या नऊ श्रेणींची सुबक उतरंडही इसवी सन 500 च्या सुमारास डायोनिशियस या टोपण नावाने लिहिणाऱ्या एका लेखकाची. पौलाच्या पत्रांत काही हुद्द्यांची नावे आहेत. त्यांची दप्तरी मांडणी नाही.

मृत मनुष्य देवदूत होतो, ही समजूतही बायबलाची नव्हे. येशूने सदूकी पंथीयांना दिलेल्या उत्तरात पुनरुत्थित माणसे दूतांसारखी असतात, लग्न करीत नाहीत, असे म्हटले आहे. दूतच होतात, असे नव्हे. उलट पौल करिंथकरांना मनुष्ये दूतांचा न्याय करतील असे बजावतो, आणि तारणाच्या ज्या गोष्टी मनुष्यांना सांगितल्या गेल्या, त्यांत डोकावून पाहण्याची दूतांना उत्कंठा आहे, असे पेत्राचे पहिले पत्र म्हणते. प्रकटीकरणाचा लेखक योहान भारावून दूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा दूत त्याला घाईने अडवितो आणि मीही तुझ्यासारखा एक दासच आहे असे सांगतो. असे एकदा नव्हे, दोनदा घडते.

प्रत्येकाचा एकेक रक्षक दूत असतो का, यावर पंथांत मतभेद आहे. येशूने लहानांच्या दूतांविषयी काढलेला एक उद्गार मत्तयाने नोंदविला आहे. पण ही समजूत लोकांत तेव्हाही प्रचलित असावी याचा पुरावा मिळतो तो प्रेषितांच्या कृत्यांतील एका काहीशा विनोदी प्रसंगात. हेरोद राजाने पेत्राला तुरुंगात टाकून चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा पहारा बसविला होता. चौकशीच्या आदल्या रात्री दोन शिपायांमध्ये दोन साखळ्यांनी जखडून झोपलेल्या पेत्राच्या कुशीवर मारून दूताने त्याला जागे केले, साखळ्या गळून पडल्या, आणि कंबर कस, वहाणा घाल, अंगावर वस्त्र घे, असे घरच्या वडीलधाऱ्याने सांगावे तसे एकेक सांगत त्याला पहाऱ्यांपलीकडे आणले. शहराकडील लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. एक रस्ता ओलांडताच दूत गेला, आणि पुढचे सारे पेत्रावर सोपविले गेले. तो मरीया नावाच्या स्त्रीच्या घरी पोहोचला. आत पुष्कळ मंडळी प्रार्थना करीत होती. दार वाजताच रुदा नावाची मुलगी आली, तिने आवाज ओळखला, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली. मंडळींनी तिला वेडी ठरविले. ती हट्टाला पेटली, तेव्हा तो पेत्राचा दूत असेल असे म्हणून तिची समजूत घातली. तोवर पेत्र बाहेर दार ठोठावीतच होता. दिवस उजाडताच हेरोदाने पहारेकऱ्यांची चौकशी केली आणि त्यांना देहान्त शासन फर्मावले. त्या शिपायांसाठी मात्र कोणी दूत आल्याचे लूकाने लिहिलेले नाही.