इशारा पातळी

छोट्या धंद्याचे हिशेब लिहिणाऱ्याला मालकाबद्दल जे कळतं, ते बरेचदा त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. धाकट्या भावाला दिलेले दोन लाख ‘हातउसने’ म्हणून किती वर्षं पुढे ओढले जातायत, वहीत रोख शिल्लक सत्तर हजार आणि गल्ल्यात सात हजार का, बँकेचा माणूस आला की मालक मागच्या दाराने का सटकतो, हे सगळं आम्हाला ठाऊक असतं. कोल्हापुरात उद्यमनगर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी या पट्ट्यात मी हे काम करतो. लेथ-मिलिंगचे शेड, स्पेअर पार्टची दुकानं, एक फरसाणवाले. नावं सांगणार नाही, किस्से सांगतो.

दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ३बी ची शेवटची तारीख २०. त्यामुळे १९ च्या रात्री जेवणं झाली की आमचे फोन वाजायला लागतात. व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो येतात. एकात बिलापेक्षा टेबलावरचं भडंगच जास्त स्पष्ट. एकावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि नेमका त्या डागाखाली बिल नंबर. सोबत निरोप, ‘साहेब, एवढं बसवा.’ बसवणार कुठे? १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने आपलं बिल त्याच्या विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे आर-१ मध्ये, दाखवल्याशिवाय आपल्याला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्या आर-१ ची शेवटची तारीख ११. आपल्या नावावर काय आलं याची यादी, म्हणजे २बी, पोर्टलवर १४ ला लागते. म्हणजे २० ला ओरडणारा उशिरा जागा झालेला असतोच, १४ ला ओरडणाराही त्या महिन्यापुरता हरलेला असतो. आमच्याकडे एक नट-बोल्टवाले आहेत. ते ५ तारखेला आपल्या सगळ्या विक्रेत्यांना स्वतः निरोप टाकतात, ‘गेल्या महिन्यातली माझी ही बिलं, ११ च्या आत दाखवा.’ शिक्षण दहावी. त्यांचं क्रेडिट कधी अडकलेलं मी पाहिलेलं नाही.

कोल्हापूरकराला दोन आकडे शिकवावे लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात टपरीवर नुसतं ‘किती झालं?’ विचारतात, कशाचं ते सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शाहूपुरीतल्या एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानदाराने तेव्हा मोटारी, वायरची बंडलं माळ्यावर चढवली आणि कॉम्प्युटर टेबलावरून उचलून काउंटरवर ठेवला. पुढे काउंटरही बुडाला. माल बराचसा वाचला, हिशेब गेला. विम्याचा सर्व्हेअर आला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाणी शिरायच्या दिवशी स्टॉक किती होता?’ उत्तर त्या काउंटरवरच्या डब्यात होतं आणि डब्यातून चिखल निघत होता. दाव्याचं भिजत घोंगडं किती दिवस पडलं ते विचारू नका.

जुलै २०२१ ला परत पाणी वाढायला लागलं, तेव्हा ३९ व्हायच्या आतच त्यांनी सीपीयू मोटरसायकलवर मांडीत घेऊन राजारामपुरीला मेव्हण्याच्या घरी पोचवला. निघण्याआधी स्टॉकची यादी छापून खिशात घातली. दुकान पुन्हा बुडालं, पण सर्व्हेअरपुढे कागद तयार होता. हाच माणूस नदीची पातळी तासातासाला विचारतो आणि बँकेच्या खात्याची महिन्यातून एकदा. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. धंद्यालाही ३९ फूट असतात आणि ते ४३ च्या आधीच येतात.

आता उद्यमनगरातला एक शेड घ्या. सहा मशीन, मोठ्या कंपनीला पंपाचे भाग पुरवतात. मालक स्वतः हाताने काम करणारा, केसभर चुकीलाही जॉब परत लावणारा. मार्चअखेर नफा-तोटा पत्रक त्याच्यापुढे ठेवलं तर त्याने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. ‘नफा हाय म्हणता, मग पैसं कुठं हाईत?’ हा प्रश्न आमच्या व्यवसायात जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कुठलाच नाही.

पैसे कुठे होते ते सांगतो. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट ४० लाखांची, म्हणून ४० लाख उचलता येतात असं त्याच्या डोक्यात. उचलता येतात ते डीपीपुरते, म्हणजे ड्रॉइंग पॉवरपुरते, आणि डीपी ठरतो दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून. त्याचा माल २० लाखांचा, त्यातले ८ लाख कच्च्या मालवाल्याचे देणे. उरले १२, त्यावर बँकेचं २५ टक्के मार्जिन गेलं, राहिले ९. येणे ३० लाख. पण त्यातली १२ लाखांची बिलं ९० दिवसांच्या पुढे गेलेली, आणि त्याच्या बँकेच्या हिशेबात ९० दिवसांपुढचं येणं धरतच नाहीत. राहिले १८, मार्जिन वजा जाता साडेतेरा. एकूण साडेबावीस लाख. ती १२ लाखांची बिलं वेळेत वसूल झाली असती, किंवा निदान ९० च्या आत असती, तर चित्र वेगळं होतं. तशात विकलेल्या मालावरचा १८ टक्के जीएसटी, आपलं क्रेडिट वजा जाता, पुढच्या महिन्याच्या २० ला स्वतःच्या खिशातून भरलेला. गिऱ्हाईक पैसे देईल तेव्हा देईल, सरकार थांबत नाही.

आणि हे त्याला कळलं कधी? पगाराच्या दिवशी, पोलादवाल्याचा चेक परत गेला तेव्हा. तोपर्यंत ऑफिसातला पोरगा दर महिन्याला मागच्या महिन्याचंच स्टेटमेंट तारीख बदलून पाठवत होता. बँकेने खरी येणी बिलवार मागितली आणि एका दिवसात डीपी खाली आला. बँकेला शिव्या देऊन झाल्या. मी म्हटलं, आता एक करा, दर सोमवारी साठ दिवस ओलांडलेल्या बिलांचा एक कागद मशीनशेजारी चिकटवा. साठ हे तुमचे ३९ फूट. त्याने खरंच चिकटवला, कूलंटचे डाग पडलेला तो कागद अजून बदलत असतो. वसुलीचा फोन मात्र त्याची बायको करते, कारण त्याला पैसे मागायची लाज वाटते. काम चोख करणाऱ्या पुष्कळ माणसांना वाटते. हा कोल्हापुरी स्वभाव की कारागिराचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच माणसाला मार्च २०२४ ने हात दिला. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम त्या वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत आणि वर्षअखेरही ते थकलेलेच राहिले, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत मिळत नाही. कापड बाजारात या कलमाने केवढा गोंधळ उडवला. उद्यमनगरात मात्र त्या मार्चमध्ये वेगळीच गंमत चालली होती. वर्षानुवर्षं फोन न उचलणारे कंपन्यांचे अकाउंट विभाग स्वतःहून फोन करत होते, ‘तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा.’ ज्यांनी पाठवलं त्यांचे पैसे ३१ च्या आत आले. ज्यांना ते सापडलं नाही ते रांगेत राहिले. आमच्या पंपवाल्याचा उद्यम नंबर बिलावर छापलेला होता, म्हणून त्याला फोनही आला नाही, थेट पैसे आले. सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची ही उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तरी तिच्यासाठी एजंटाला पैसे मोजलेले लोक माझ्या माहितीत आहेत. एक सांगून ठेवतो, उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांनाच या कलमाचा आधार आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

आता हे हिशेब राहतात कुठे ते. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल, ते जन्मलं अशाच एका धंद्यातून. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंकांना आपल्या कारखानी सामानाच्या व्यापाराला बरा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, लिहायला सांगितलं. साल १९८६. गरज होती एका दुकानाची. आता लाखो दुकानांचं सगळं गणित एका फोल्डरमध्ये असतं, आणि तो फोल्डर कुठे आहे हे मालकाला माहीत नसतं.

लक्ष्मीपुरीतल्या एका स्पेअर पार्टवाल्याला ते एका सकाळी कळलं. लॉकडाऊननंतर घरून हिशेब बघता यावा म्हणून त्यांनी दुकानातला कॉम्प्युटर इंटरनेटवरून उघडता येईल असा करून घेतला होता. पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढे १२३. सकाळी शटर उघडलं, तर टॅलीच्या सगळ्या फाइलींच्या शेपट्या बदललेल्या आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, बिटकॉइनमध्ये पैसे द्या. बॅकअप होता. नेमाने रोज रात्री घेतलेला, पण त्याच डब्याला कायम लावून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. तोही तसाच कुलूपबंद. शेठ म्हणाले, ‘देवाच्या फोटोमागं एक पेन ड्राइव्ह असंल बघा.’ होता. त्यात भाचीच्या बारशाचे फोटो निघाले.

पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं. मग हिशेब परत उभा करायला बसलो. मागच्या ३१ मार्चचा डेटा सीएंच्या ऑफिसात ऑडिटसाठी दिलेला, तो पाया. जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची विक्री बिलागणिक पोर्टलवर होती, कारण आर-१ मध्ये ती तशी भरावी लागते. खरेदी २बी मधून उचलली. बँकेची स्टेटमेंटं डाउनलोड केली. सात महिन्यांचा धंदा हळूहळू पडद्यावर परत आला, आणि मला जरा हुशारीही वाटायला लागली.

मग शेठनी विचारलं, ‘आणि उधारी?’ या सात महिन्यांतली किरकोळ गिऱ्हाइकांची ती कुठेच नव्हती. गॅरेजवाले, ट्रॅक्टरवाले, रिक्षावाले, कोणाचाच जीएसटी नंबर नाही. अशा किरकोळ विक्रीची पोर्टलवर एकगठ्ठा बेरीज जाते, नाव जात नाही. दुकानाची निम्मी उधारी या लोकांकडे. पूर्वी खतावणीत प्रत्येकाचं पान असायचं. ती चामडी बांधणीची वही शेठनीच संगणक आल्यावर हौसेने बंद केली होती. शेवटी दुकानातल्या जुन्या कामगाराने, काउंटरमागे तीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाने, दोन दिवस बसून आठवणीतून नावं सांगितली आणि मी लिहिली. ‘हुपरीचा पाटील, बेअरिंग दोन, गणपतीच्या आधी.’ फोन केले तर बऱ्याच जणांनी आकडा स्वतःच सांगितला, काहींचा आकडा आपल्यापेक्षा मोठा निघाला. काहींनी ‘दिले की तेव्हाच’ म्हटलं आणि विषय संपला. आता तिथे दर शनिवारी येणेबाकीचा कागद छापला जातो आणि शेठच्या घरी जातो. बॅकअपची डिस्क रात्री घेऊन झाली की काढून ठेवतात. दुकानात काय आहे याला मी बॅकअप म्हणतच नाही, दुकानाबाहेर काय आहे ते सांगा.

चांगला किस्साही आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. पॅकबंद फरसाण १२ टक्क्यांवरून ५ वर. आदल्या रात्री आम्ही सगळे जागे. एका मोठ्या दुकानात प्रत्येक वस्तूत दर वेगळा भरलेला, तिथे पहाटेपर्यंत एकेक आयटम उघडून १२ चे ५ करत होते. आमच्या फरसाणवाल्यांकडे बिलिंग वहिनी बघतात. त्यांनी माल सुरुवातीपासून गटांत लावलेला, दर गटाला दिलेला. साडेदहाला मी फोन केला तर म्हणाल्या, ‘अहो, झालं. दोन गट बदलले, ट्रायल बिलं काढली आणि कॅन्सल केली. मी आता उद्याच्या घटाची तयारी करते. तुम्ही मला एवढं सांगा, पाऊचची फिल्म १८ नं घेणार आणि चिवडा ५ नं विकणार, मग माझं क्रेडिट साठत जाणार ना? त्याचा रिफंड कधी मागायचा?’ दर बदलला त्या रात्री हा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

राहता राहिला ओटीपी. एका शेडच्या जीएसटी नोंदणीत मोबाइल नंबर होता नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या जुन्या अकाउंटंटचा. प्रत्येक ओटीपी फोन करून मागायचा. बिचारा द्यायचाही. एका २० तारखेला तो कोकणात लग्नाला गेला, रेंज नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजचे ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. नंबर हातात नसेल तर बदलायला संबंधित जीएसटी अधिकाऱ्याकडे कागद घेऊन जावं लागतं.

तेव्हा आज जीएसटी, आयकर, उद्यम आणि बँक, चारही ठिकाणी आत जाऊन कोणाचा नंबर आणि कोणाचा ईमेल आहे तेवढं बघा. दुसऱ्याचा निघाला तर आपल्या हिशेबवाल्याला लगेच फोन करा, पण १ ते ५ तारखेच्या दरम्यान. १९ च्या रात्री आम्ही उचलतो, पण ऐकत नाही.