वारस कोण?

काही शब्द घरात इतके रुळलेले असतात की त्यांचा अर्थ विचारावा असे कुणास वाटतच नाही. ‘वारस’ हा त्यांपैकीच एक. हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि गुजरातीतही नांदला, त्यामुळे बडोद्याच्या मराठी माणसाच्या कानी तो दोन्हीकडून पडतो. तलाठ्याकडे पेढीनामा नि वारसाई, घरी वारसहक्क, आणि पोलीस चौकीत बेवारस सामान. ‘वारसदार’ हे रूप मात्र आम्हांस पिवळ्या पीतांबरासारखे वाटते. वारस म्हणजेच वारसा घेणारा, मग त्याला आणखी ‘दार’ कशाला? परंतु लोकांनी ते केव्हाच स्वीकारले आहे, तेव्हा आमची तक्रार व्यर्थ होय.

या शब्दाला आपल्याकडे इतिहासाचाही भार आहे. दत्तक वारस नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी खालसा केली, हे आपण शाळेत शिकलो. पुढे १८७५ साली महाराणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांस दत्तक घेतले आणि बडोद्यास सयाजीराव महाराज लाभले. वारस म्हणजे कुणीतरी निवडलेला, नाव घालून ठेवलेला माणूस, अशी जी समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे तिचे मूळ कदाचित अशा कथांत असावे. राजघराण्याचे राहू द्या. सामान्य संसारात ही समजूत फार महाग पडते.

आमच्या शाळेतील एक सहशिक्षक काही वर्षांपूर्वी अकस्मात वारले. मागे पत्नी, दोन मुली आणि वृद्ध आई. बँकेतील मुदत ठेव त्यांनी लग्नापूर्वी केली होती व अर्जावर धाकट्या बंधूंचे नाव घातले होते. मुदत संपली की ठेव पुन्हा ठेवली जाई. नाव तेच राहिले. बंधूंनी रीतसर अर्ज करून रक्कम घेतली आणि “दादांनी मलाच वारस लावले होते,” असे सांगितले. त्यांच्या मनात कपट नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. वहिनी आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्हीही, मराठीचे एम. ए. असून, “नाव त्यांचे आहे, तर पैसे त्यांचेच,” असे सांगून मोकळे झालो. त्या काही न बोलता उठून गेल्या.

पुढे एका वकील स्नेह्यांनी आमची चूक दाखविली. अर्जावर ज्याचे नाव असते तो नामनिर्देशित, म्हणजे आपण ज्याला नॉमिनी म्हणतो तो. बँकेने कुणाच्या हाती पैसे द्यावेत एवढेच त्या नावाने ठरते. ते पैसे कुणाचे, हे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ साली, बँक ठेवींच्या बाबतीत २०१० साली आणि कंपनीच्या समभागांच्या बाबतीत २०२३ साली हेच सांगितले आहे. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने एक फरक झाला. आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले यांचे नाव असल्यास ती रक्कम आता साधारणतः त्यांचीच होते.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या बाबतीत हे १९५६ चा उत्तराधिकार कायदा ठरवितो. पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील प्रमुख वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. त्यांतील एकही हयात असता भावाचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘मुलींना २००५ पासून हक्क मिळाला’ असे सर्रास म्हटले जाते, तेही अर्धेच खरे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क त्या वर्षी मिळाला. बापाच्या स्वकष्टार्जित धनात मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. (गोव्यातील वाचकांनी हा हिशेब आपल्यास लावू नये. तेथील दिवाणी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा व निराळा आहे. मुले असता अर्ध्या मिळकतीपलीकडे मृत्युपत्र चालत नाही.)

म्हणजे त्या ठेवीचे चार वाटे: वहिनी, दोन मुली आणि सासूबाई. हा चौथा वाटा ऐकून वहिनींच्या माहेरची मंडळी चपापली. “आजींना आता पैसा काय करायचा?” असे त्यांच्यापैकी एकाने विचारलेही. आजी आतल्या खोलीतून म्हणाल्या, “माझं मला असू द्या. औषधासाठी कुणापुढे हात पसरायला नको.” बंधूंनी त्या पैशातून घराची गच्ची बांधली होती. त्यांनी दोन वर्षांत चार हप्त्यांनी सर्व रक्कम परत केली. शेवटचा हप्ता देताना वहिनींनी त्यांना जेवायला थांबवून घेतले.

त्या रात्री आम्ही आमचेच बँकेचे कागद काढून पाहिले. खाते १९९४ सालचे, नोकरीच्या पहिल्या वर्षातले. नामनिर्देशिताच्या रकान्यात वडिलांचे नाव होते. ते २००९ साली वारले.