लष्करी तळ उठल्यानंतर गावची शेती

गोंदिया शहराच्या ईशान्येस सुमारे १२ किलोमीटरवर, कामठा गावाजवळ, बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने ती युद्धोपयोगासाठी बांधली. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. युद्ध १९४५ साली संपले आणि धावपट्टीचे युद्धकालीन प्रयोजनही संपले. ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिली. ऑगस्ट १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली व डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आली. ह्या साठ वर्षांत धावपट्टीचे धनी बदलत गेले. भोवतालच्या शिवारात मात्र धानच पिकत राहिले.

लष्करी तळामुळे गावाच्या अर्थव्यवस्थेत काय घडते ह्याचा विचार सहसा केवळ मजुरीच्या अंगाने केला जातो. तळ उभा राहत असता माती, मुरूम व गिट्टी वाहण्याचे काम निघते, बैलगाड्यांना भाडे मिळते, दूध, भाजी, कोंबडी व सरपण ह्यांना रोख गिऱ्हाईक लाभते. हा पैसा खरा असतो, ह्यात शंका नाही. परंतु तो येतो त्याच वेळी गावातील सपाट, रस्त्यालगतची व बहुधा कसदार जमीन शेतीतून निघून जाते, नाल्याचे पाणी अडते आणि चराईचा मार्ग तुटतो. तळ उठला की मजुरी त्याच महिन्यात थांबते. जमीन, नाला व चराई मात्र आपोआप परत येत नाहीत. म्हणून तळ गेल्यानंतरच्या पुनर्घडणीत पहिला प्रश्न रोजगाराचा नसून जमीन व पाणी ह्यांचा आहे, असे आमचे मत आहे.

ह्याच्या उलट दिसणारी उदाहरणे आपल्या राज्यात आहेत. कल्याणजवळ युद्धकाळात मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडमधील सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. ती लष्करी तळ नव्हती, तरी युद्धामुळेच उभी राहिलेली होती. ते लोक गेल्यावर तेथेही सिंधी कुटुंबे वसली व आजची गांधीनगरची कापडपेठ वाढली. ह्या दोन्ही ठिकाणी इमारती मागे राहिल्या होत्या आणि व्यापाराची परंपरा असलेली माणसे बाहेरून आली. दूरचे उदाहरण फिलिपाइन्समधील सुबिक येथील अमेरिकन नौदलतळाचे. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी तो रिकामा झाला तेव्हा हजारो स्थानिक स्वयंसेवकांनी गोदामे व यंत्रे लुटली जाऊ नयेत म्हणून पहारा दिला आणि पुढे तेथे उद्योगक्षेत्र उभे राहिले. परंतु तेथे खोल बंदर होते. धानाच्या मुलखातील धावपट्टीपाशी बंदर नसते. ज्या गावी केवळ डांबरी पट्टा मागे राहतो, तेथे उल्हासनगर किंवा सुबिक उभे राहण्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

अशा गावी प्रथम कागद पाहावेत. युद्धकाळात जमिनी दोन प्रकारांनी घेतल्या जात : काही कायम संपादित होत, तर काही तात्पुरत्या अधिग्रहणाखाली घेतल्या जात. दुसऱ्या प्रकारात मालकी मूळ खातेदाराकडेच राहते व गरज संपल्यावर जमीन परत करावयाची असते. १९५२ च्या केंद्रीय कायद्यात, वाजवी झीज सोडून, ती पूर्वस्थितीत परत देण्याची तरतूद होती. पहिल्या प्रकारात मूळ मालकाचा हक्क संपतो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने मात्र, त्या कायद्याखाली घेतलेली जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षे वापराविना राहिल्यास ती मूळ मालकास, त्याच्या वारसांस किंवा शासनाच्या भूमिपेढीस परत जावी, असे ठरविले आहे. आजोबांची जमीन ‘लष्कराने नेली’ एवढेच ज्या घरात माहीत आहे, त्या घराने ती कोणत्या प्रकाराने नेली हे तहसील व भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या फेरफारांवरून शोधून काढावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या कामी शेतकऱ्याबरोबर एक दिवस घालविला तर तो दिवस वाया जाणार नाही.

जमीन परत मिळाली तरी ती पूर्वीची नसते. अवजड वाहनांनी ती दबलेली असते, तीत मुरूम व चुनखडी मिसळलेली असते, कोठे काँक्रीटचे तुकडे व तारा असतात. जुन्या चांदमारीच्या जागेत न फुटलेला दारूगोळा सापडण्याचा संभव असतो. अशी वस्तू दिसल्यास तीस हात न लावता पोलिसांस कळवावे. भंगाराच्या चार रुपयांसाठी हात गमावलेली माणसे चांदमारीलगतच्या गावांत आढळतात.

दबलेला थर ओळखण्यास ओलाव्याच्या वेळी लोखंडी पहार जमिनीत दाबून पाहावी. वीत-दीड वीत खोलीवर ती एकाएकी अडत असेल तर खाली कठीण थर आहे असे समजावे. येथे एक विवेक करणे जरूर आहे. धानाच्या बांधीत चिखलणीच्या थराखाली असा थर असणे उपकारक असते, कारण त्यामुळे पाणी टिकते. तेथे खोल नांगरट करून तो फोडू नये. परंतु ज्या जमिनीत भाजीपाला, हरभरा किंवा फळझाडे घ्यावयाची आहेत, तेथे तो उन्हाळ्यात, जमीन कोरडी असतानाच, फोडावा. ओल्या जमिनीत हे काम केल्यास माती चिरली न जाता आणखी दबते.

त्यानंतर सेंद्रिय भर द्यावी. धैंचा हेक्टरी ४० ते ५० किलो बियाणे पहिल्या पावसाबरोबर पेरून सहा आठवड्यांच्या सुमारास, फुलोऱ्यापूर्वी, चिखलणीत गाडावा. आपल्याकडे पाऊस लांबला तर रोवणी व धैंचा ह्यांचा मेळ बसत नाही. म्हणून बांधांवर गिरिपुष्पाची झाडे लावून त्यांचा पाला वापरणे अधिक भरवशाचे. सिहार व बरडी ह्या हलक्या जमिनींस तलावाचा गाळ फार मानवतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. तिच्यातून गाळ नेताना कन्हारसारख्या भारी जमिनीत तो टाकण्याची हौस करू नये, तेथे निचरा बिघडतो. धान कापणीस पंधरा दिवस असताना उभ्या पिकात जवस किंवा लाखोळी फेकून उतेरा घेण्याची आपली जुनी पद्धत ह्या जमिनींतील उरल्या ओलीचा उत्तम उपयोग करते. लाखोळीचे ‘रतन’ व ‘प्रतीक’ हे कमी विषांशाचे वाण निवडावेत. मात्र कापणी मोठ्या यंत्राने करावयाची असेल तर उतेऱ्याची कोवळी रोपे चाकांखाली जातात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

पाण्याची गोष्ट ह्याहून मोठी आहे. भंडारा-गोंदियाची शेती मालगुजारी तलावांवर उभी राहिली. मालगुजारी १९५० च्या कायद्याने नष्ट झाली व तलाव शासनाकडे आले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. परंतु पाळ, सलंग व पाटांची दरवर्षीची निगा कोणी राखावी ह्याची व्यवस्था अनेक गावांत ढिली पडली. तळाच्या भरावाने नाला अडला असेल तर एका बाजूस पाणी तुंबते व दुसऱ्या बाजूच्या बांध्या कोरड्या राहतात. अशा वेळी नव्या विहिरी खोदण्यापूर्वी जुना नाला परवानगीने मोकळा करणे स्वस्त पडते. तलाव हा केवळ सिंचनासाठी नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी तलावांतील बेशरमीची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या व देशी माशांची पैदास पुन्हा वाढविली. देवरी तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे, तेंदूपानांची विक्री स्वतः केली. ह्या उत्पन्नांस कोणा छावणीच्या मुक्कामाची गरज नाही.

बिरसीस पुढे विमाने पुन्हा आली. वैमानिक प्रशिक्षण संस्था निघाली; मार्च २०२२ मध्ये व नंतर डिसेंबर २०२३ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाल्या. त्याबरोबर विस्तारासाठी जमिनीही पुन्हा गेल्या, आणि बिरसीतील विस्थापित कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा संस्थेस लागणारे दूध, भाजी व तांदूळ गावातील बचतगटांनी किंवा सहकारी संस्थेने एकत्रितपणे पुरविणे इष्ट आहे. पण उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग ह्या एकाच गिऱ्हाइकावर सोपवू नये, उरलेला माल गोंदियाच्या बाजारात जावा.

ज्या गावांलगत आजही एखादा तळ, धावपट्टी किंवा राखीव लष्करी जागा आहे, तेथील कार्यकर्त्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी तीन कागद तयार ठेवावेत : लगतच्या सर्व गटांचे चालू सातबारे, नाले व पाणंद दाखविणारा गावनकाशा आणि तलावाच्या लाभक्षेत्रातील खातेदारांची यादी. मातीचे नमुने धानकापणीनंतर लगेच काढावेत, म्हणजे अहवाल मार्चपर्यंत हाती येतो व गाळाच्या खेपा कोणत्या बांधीत न्यावयाच्या हे उन्हाळ्याचे काम सुरू होण्यापूर्वी ठरविता येते.