भातावरील खोडकिडा व त्याच्या अंड्यांचा शत्रु

नवरात्राच्या सुमारास निसवलेल्या भातांत कांहीं लोंब्या ताठ, पांढऱ्या व पोकळ उभ्या दिसतात. त्यांस आपण पळिंज म्हणतों. भरलेली लोंबी ओझ्यानें वांकते, ही वांकत नाहीं. आणि ओढली असतां सहज हातांत येते. ती दिसतांच शेतकरी औषधाच्या दुकानाकडे धांव घेतो. परंतु त्या दिवशीं आणलेलें कोणतेंहि औषध त्या लोंबींत दाणा भरूं शकत नाहीं, कारण नुकसान करणारी अळी केव्हांच खोडांत शिरून बसलेली असते. चौक, खालापूर व कर्जत या पट्ट्यांतील भातकऱ्यांचें जें नुकसान होतें त्यांत या उशिराचा वांटा मोठा आहे.

खोडकिड्याचा पतंग पिवळसर असून मादीच्या पुढील प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालते व आपल्या अंगावरील भुरकट केसांनीं तीं झांकून टाकते. सहा ते आठ दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि लौकरच खोड पोखरून आंत जातात. एकदां आंत गेलेल्या अळीस फवाऱ्याचा थेंब पोंचणें कठीण. फुटव्यांच्या वेळीं ती शिरली तर मधला पोंगा सुकतो, हा गाभेमर. त्या वेळीं चूड नवे फुटवे काढून तूट पुष्कळशी भरून काढतो. पोटरीच्या वेळीं मात्र गेलेला फुटवा गेलाच. म्हणून सारा उपाय त्या सहा-आठ दिवसांत, अळी अंड्यांत असतांनाच, झाला पाहिजे.

हें काम करणारा एक कीटक आहे. त्याचें शास्त्रीय नांव ट्रायकोग्रामा जॅपोनिकम. गांधीलमाशीच्या गोतांतील असला तरी तो लांबीस सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे टांचणीच्या टोकाशीं तुलना करावी इतका लहान, आणि माणसास मुळींच न चावणारा. याची मादी खोडकिड्याच्या अंड्यांत आपलें अंडें घालते. आंतील पिल्लूं त्या अंड्यांतील द्रव्यावर वाढतें आणि आठ-दहा दिवसांनीं अळीऐवजीं तेथून नवी माशी बाहेर पडते.

या माश्या प्रयोगशाळेंत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर वाढवितात व तीं अंडीं कागदी कार्डावर चिकटवून देतात. कित्येकांस अशी शंका येते कीं, तांदूळ नासविणाऱ्या पतंगाचीं अंडीं घरांत आणणें म्हणजे कणगींत चोर घेण्यासारखेंच. ही शंका रास्त आहे. परंतु तीं अंडीं अतिनील किरणांनीं आधींच निर्जीव केलेलीं असतात, त्यांतून पतंगाची अळी निघत नाहीं. माशीनें ग्रासलेलें अंडें काळें पडतें. कार्ड घेतांना तें काळें आहे कीं नाहीं हें उजेडांत पाहावें. पांढरें कार्ड परत करावें.

भातासाठीं हेक्टरी ५०,००० अंडीं एका वेळेस सोडावीं अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एका कार्डावर सुमारें २०,००० अंडीं असतात; तेव्हां एकरास एक कार्ड हा हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा. लावणीनंतर सुमारें ३० दिवसांनीं आरंभ करून आठवड्याच्या अंतरानें पांच-सहा वेळां कार्डें लावावीं. माशी थोडेच दिवस जगते आणि पतंगांचीं अंडीं मात्र रोज पडत असतात, म्हणून एकदांच कार्ड लावून भागत नाहीं. कार्डाच्या पट्ट्या कापून त्या शेतभर विखरून, पानाच्या खालच्या बाजूस, सकाळीं किंवा सायंकाळीं टांचाव्या. माशीचा पल्ला थोड्या मीटरांचाच असतो. सर्व पट्ट्या बांधावरच लावणारा आपले पैसे बांधावरच ठेवतो. त्या आठवड्यांत कीटकनाशकाची फवारणी करूं नये.

आमच्या मतें कोंकणांत खरी अडचण पावसाची आहे. श्रावणांतील झडींत उघड्यावरील पट्टी टिकत नाहीं. उघडीप पाहूनच ती लावावी. वेळ साधण्यासाठीं हेक्टरी पांच कामगंध सापळे लावून त्यांत पतंग दिसूं लागतांच कार्डें मागवावीं. चौरस मीटरमागें एक अंडीपुंज आढळला, अथवा शंभरांत पांच फुटवे गाभेमर झाले, तर उपायाची वेळ आली असें समजतात; तथापि या दुसऱ्या खुणेवर अवलंबून राहणारास कार्डाचा उपयोग थोडाच, कारण तोंवर एक पिढी खोडांत गेलेली असते.

दुसरीहि एक मर्यादा आहे. ही माशी पुंजाच्या वरील थरांतील अंडीं गांठते. केसांखालीं दडलेलीं तळचीं पुष्कळ सुटतात. तीं गांठणारे दोन कीटक आपल्या शेतांत फुकट राहतात. टेट्रास्टिकस याचें पिल्लूं एका अंड्यावर न थांबतां शेजारचींहि खातें. टेलेनोमस याच्या कांहीं जाती तर मादी पतंगाच्या शेंपटाकडील केसांत बसून तिच्याबरोबरच प्रवास करतात, आणि ती अंडीं घालूं लागली कीं लगेच कामास लागतात! फवारणीनें आधीं मरतात ते हे.

म्हणून राबांतून वेंचलेले अंडीपुंज जाळूं नयेत. ते एका मडक्यांत ठेवावे, तोंडास विरळ कापड बांधावें आणि मडकें पाणी व थोडें रॉकेल घातलेल्या परातींत शेताजवळ मांडावें. माश्या कापडांतून उडून शेतांत जातात. रांगत बाहेर पडणाऱ्या अळ्या परातींत मरतात. लावणीपूर्वीं रोपांचे शेंडे खुडले असतील तर त्यांवरील पुंजांचीहि हीच व्यवस्था करावी.

कर्जत तालुक्यांत भिवपुरीच्या वीजघरांतून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याखालीं उन्हाळी भात होतें. जेथें असें दुबार पीक आहे तेथें किड्यास बारमाही अन्न मिळतें. जेथें नाहीं तेथें त्याच्या अळ्या धसकटांत पडून राहतात. कापणी जमिनीलगत करून लगोलग वालासाठीं नांगरट केली तर त्यांतील पुष्कळ उघड्या पडून मरतात. पतंग बांध ओळखीत नसल्यानें एकट्याच्या दोन खाचरांपेक्षां एका शिवारांतील सर्वांनीं मिळून, एकाच आठवड्यांत, कार्डें लावलेलीं बरीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचें भातसंशोधन केंद्र कर्जतेसच आहे. मागणी नोंदविण्यापूर्वीं तेथें विचारणा करावी, आणि ती ज्येष्ठांत करावी, पळिंज दिसल्यावर नव्हे.