न चिरता दिसणारी ऊती

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातील यावल-चोपड्यापासून धुळे जिल्ह्यातील शिरपूरपर्यंत, भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हे पाठ्यपुस्तकात वाचावयास मिळते. परंतु मूत्रपिंडात वा प्लीहेत त्या नेमक्या कोठे अडकतात आणि अडथळ्याच्या पलीकडे वाहिन्यांच्या जाळ्याचे काय होते, हे पाहण्याचे आपले नेहमीचे साधन मात्र चपटे आहे.

ऊतीचा तुकडा मेणात बसवून मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे छेद घ्यावयाचे व रंगवून काचेवर पाहावयाचे, ही ती पद्धत. निदानासाठी ती आजही उत्तम आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मूत्रपिंडातील एका केशिकागुच्छाचा व्यास सुमारे २०० मायक्रॉन असतो. त्याचा एक छेद म्हणजे चाळीस-पन्नास पानांच्या पुस्तकाचे एकच पान. सारी पाने जुळवता येतात हे खरे. आयआयटी मद्रासने २०२४ साली प्रसिद्ध केलेला गर्भस्थ मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमिती नकाशा ५,१३२ छेदांवरून सिद्ध झाला. एवढे कष्ट सर्वांना झेपणारे नव्हेत.

दुसरा मार्ग ऊतीच पारदर्शक करण्याचा. तिच्यातील पाणी, मेद व प्रथिने यांचे अपवर्तनांक भिन्न असल्याने प्रकाशकिरण पावलोपावली विखुरतात. पाणी काढून प्रथिनांशी जुळणाऱ्या अपवर्तनांकाचा द्रव भरला, की अवयव काचेसारखा दिसू लागतो. कागदावर तेल सांडले म्हणजे होते त्याच जातीची ही क्रिया. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे साधले. त्यांच्या द्रवांत विंटरग्रीनचे तेल होते. (दुखऱ्या गुडघ्याला चोळावयाच्या मलमाचा वास तोच!) २०१३ साली स्टॅनफर्डमध्ये कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने ‘क्लॅरिटी’ पद्धतीने ऊती जेलमध्ये बांधून मेद काढून टाकला आणि उंदराचा आख्खा मेंदू पारदर्शक केला. जपानी ‘क्युबिक’ पद्धतीने तर रक्तातील तांबडा रंगही काढता येऊ लागला. रक्ताने भरलेल्या प्लीहेच्या अभ्यासकाला याचे महत्त्व सांगावयास नको. अशा ऊतीत चमकणारी रंगद्रव्ये सोडून, बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा टाकून एकेक थर टिपतात व संगणकावर जुळवतात.

अडचण आहे ती यंत्राची. त्याची किंमत आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची, म्हणून हा विषयच आपला नव्हे, असे समजणे मात्र चुकीचे आहे. पारदर्शकता आणणे हे रसायनांचे आणि चिकाटीचे काम आहे. ते धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत किंवा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात होऊ शकते. तयार नमुना बंद कुपीतून चित्रणासाठी पुण्या-मुंबईस नेता येतो. ‘ओपनस्पिम’ या प्रकल्पाने २०१३ पासून असा सूक्ष्मदर्शक स्वतः जुळवण्याचे आराखडेही खुले केले आहेत. मात्र नमुने येथून जावेत आणि निबंधांवर नावे केवळ दूरच्यांची असावीत, असे होता कामा नये. त्याहीपूर्वी, ज्या मुलाची प्लीहा काढावी लागते त्याच्या आईवडिलांना पावरी वा भिली बोलीत सारे समजावून त्यांची संमती घेतली गेली पाहिजे.

आरंभ मानवी ऊतीने करण्याचीही गरज नाही. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या मूत्रपिंडाचा लहानसा काप, फॉर्मलिन, चढत्या तीव्रतेचे अल्कोहोल आणि शेवटी विंटरग्रीनचे तेल एवढ्या सामग्रीवर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हा प्रयोग करता येईल. खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवाव्यात आणि हातमोजे विसरू नयेत.