बायांना काय विचारलं, माणसांना काय विचारलं

‘सर्वेक्षणच सांगतं, आमच्या भंडाऱ्याच्या माणसांचं मत असं आणि बायांचं तसं,’ असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, कोणतं सर्वेक्षण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. तिने देशातले ७०७ जिल्हे पालथे घातले. सुमारे ७ लाख २४ हजार स्त्रियांशी ती बोलली, पण पुरुष जेमतेम १ लाख २ हजार. पुरुषांची प्रश्नावली फक्त १५ टक्के घरांत भरून घेतली होती. नवऱ्याने हात उचलणं योग्य की अयोग्य, घरात निर्णय कोण घेतं, असे प्रश्न बायांनाही त्याच मोजक्या घरांत विचारले. त्यातून राज्याचं चित्र उभं राहतं, एका जिल्ह्याचं नाही. भंडाऱ्याच्या पत्रकात पुरुषांचा रक्तदाब सापडेल, रक्तातली साखर सापडेल. संसाराविषयीचं त्यांचं मत सापडणार नाही.

दुसरा समज याहून खोल रुजलेला आहे. बाई बाईच्या बाजूने बोलणार आणि पुरुष पुरुषाच्या, असं आपण धरूनच चालतो. त्याच सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, वाद घातला, स्वयंपाक बिघडवला वगैरे. यांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य, असं देशातल्या ४५ टक्के स्त्रिया म्हणाल्या आणि ४४ टक्के पुरुष. दोघांनीही सर्वांत जास्त मान्य केलेलं कारण एकच होतं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतात घेतलेल्या पाहणीत ‘बायकोने नेहमी नवऱ्याचं ऐकलंच पाहिजे’ हे पूर्णपणे मान्य करणारे ६७ टक्के पुरुष होते आणि ६१ टक्के स्त्रिया. फरक आहे, पण केवढासा! एकाच घरात, एकाच शिकवणुकीत दोघं वाढतात. मतं सारखी निघाली तर नवल कशाचं? मात्र ‘बायांनाच हे चालतं’ असा अर्थ यातून काढणं मला अन्यायाचं वाटतं. रूढी तोंडपाठ असणं वेगळं आणि मार गोड वाटणं वेगळं.

खरी दरी मतांत नाही, दिवसात आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने मत विचारलंच नाही. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं ते लिहून घेतलं. घरकामात स्त्रियांची २९९ मिनिटं गेली आणि पुरुषांची ९७. हे ९७ वाचून पुष्कळांना हायसं वाटतं: चला, दीड तास तरी करतात! तसं नाही. ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचीच आहे, आणि असे पुरुष होते २६ टक्के. सगळ्या पुरुषांत वाटली तर माणशी २५ मिनिटं उरतात. स्त्रियांची तशीच काढली तर २४३. २०२४ मध्ये हीच मोजणी पुन्हा झाली. काम करणाऱ्यांची सरासरी २८९ आणि ८८ मिनिटं निघाली. बायांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झाली.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात एक प्रश्न फार घात करतो: ‘तुम्ही काय करता?’ रोवणीत दिवसभर चिखलात वाकून उभी राहिलेली बाईही सहज सांगून जाते, ‘काही नाही, घरीच असते.’ कित्येकदा तेही तिला बोलावं लागत नाही. घरातला दुसराच कुणी सगळ्यांची माहिती देतो. रोजगाराच्या सरकारी पाहणीत वर्षात ३० दिवस किंवा जास्त काम केलं तरी दुय्यम कामगार म्हणून नोंद होऊ शकते. रोवणी, कापणी मिळून ते दिवस सहज भरतात, पण विचारणाऱ्याने खोदून विचारलं तरच. आणि जंगलातून घरासाठी सरपण, रानभाजी आणणाऱ्या बाईसाठी तिथे ९३ हा संकेतांक ठरलेला आहे: घरकाम करून घरच्या वापरासाठी फुकट वस्तू गोळा करणारी. तेवढंच काम करणारी बाई कामगार धरली जात नाही, बेरोजगारही नाही. त्या पाहणीच्या हिशेबात ती श्रमशक्तीच्या बाहेर राहते.